काजळाच्या रेषा आणि फोटोभाऊ

फोटोभाऊंचा फोटोवर काडीचा विश्वास नव्हता. पुण्याच्या दवाखान्यात, कॅन्सरवर किरण सोडणाऱ्या कोबाल्टच्या मशीनपाशी, किरण नेमके कुठे पडतात त्याचे फोटो काढायचे हेच त्यांचं काम, आणि फिल्म उजेडात धरली की पहिला शब्द, "लबाड!" माणूस आमच्या जवळच्याच तुंगार्लीचा, म्हणून आम्हा मळवलीकरांशी घरच्यासारखे बोलायचे. "सावली माणसापेक्षा मोठीच पडते, ताई. आधी ती कमी करायची, मगच बोलायचं." त्यासाठी ते कातडीवर ठरल्या मापाची शिशाची एक कडी ठेवत. फोटोत ती जितकी फुगलेली दिसे, तितकं सगळं माप पट्टीने खाली आणत.

माझ्या सासूबाईंच्या गळ्यात गाठ. किरण कुठे पडायचे त्याच्या जांभळ्या रेषा गळ्यावर आखलेल्या, पाणी लावायचं नाही अशी ताकीद. पण आली दिवाळी. "नरकचतुर्दशीला न्हाली न्हाई तर नरकात जाईन मी," म्हातारीचा हट्ट. तेल, उटणं, ऊन पाणी, रेषा गेल्या. डॉक्टर ओरडतील म्हणून मी काजळ घेतलं आणि आठवेल तशा परत ओढल्या. हो, मीच. त्याचा आजही मला माझ्यावर राग आहे.

पण नुसता माझ्यावर नाही! तीन दिवस त्या काजळावर किरण दिले, एकानेही वाकून पाहिलं नाही. चौथ्या दिवशी आठवड्याचा फोटो निघाला. डॉक्टर म्हणाले, "तिरका आलाय. पेशंट हलली असेल."

भाऊ पट्टी घेऊन बसले. तिरकेपणा काढला, माप उतरवलं, पहिल्या फोटोशेजारी ठेवलं. "डॉक्टर, फोटो मी सुधारला. आता चूक गळ्यावर आहे. रेषा दीड बोट खाली." उठून त्यांनी रेषेवर अंगठा घासला. काळा झाला.

मी रडतच कबूल केलं. तर भाऊ माझ्यावरच कडाडले, "बांध पुसला तर शेजाऱ्याला न विचारता मनानं घालता व्हय?" मग डॉक्टरांकडे वळले. "ही भ्याली म्हणून चुकली. आपण का चुकलो?"

"पेशंट हलली असं लिहा," डॉक्टर म्हणाले. भाऊंनी कागदावर खरं तेच लिहिलं. म्हणून तर मोठ्या डॉक्टरांनी रेषा नव्याने आखल्या, हुकलेले तीन दिवस वाढवून दिले. आणि भाऊंना बक्षीस काय? जुन्या फिल्मांच्या कोंदट खोलीत बदली! मी निरोप घ्यायला गेले, तर मान वर न करता म्हणाले, "हितं काय करताय? तिकडं म्हातारीपाशी थांबा."

त्यांच्या जागी नवा पोरगेला माणूस आला. फिल्म दिव्याला लावली न लावली, म्हणाला, "ठीक आहे."

"कशावरून?"

"मावशी, तुम्ही बाहेर बसा."

सासूबाई टेबलावर, मी दारात. हललेच नाही. बाहेर रांग खोळंबली, नर्स ओरडली, वॉर्डबॉयने दंड धरला. म्हटलं, हात तर लाव पुन्हा! शेवटी चडफडत का होईना, त्या नव्या माणसाने पट्टी उचलली.