कान तुटलेला कप

आसेगावच्या शाळेत तो विज्ञान शिकवायचा, मी मराठी. आवाज कायम चढलेला. वर्गात वांगं चिरून ठेवायचा आणि तास संपताना काळी पडलेली फोड पोरांच्या नाकासमोर धरायचा. "पाहा, हे हवेनं जाळलं. तुमच्या आंगातबी हेच चालून राह्यलं."

आणीबाणी उठली त्या वर्षी माझ्या वडलांच्या तोंडात कॅन्सर निघाला. तो भेटायला आला, तेव्हा आई वडलांना कान तुटलेल्या कपात चहा देत होती. रोग घरात पसरू नये म्हणून तो कप वेगळा, अंगणातल्या कोनाड्यात. मीही तिला कधी अडवलं नव्हतं.

तो भडकलाच.

"काहून वेगळा, काकू? हा रोग कपातून येत नाही. पेशी वाढवणारा जीन सगळ्याईच्या आंगात रायते. तो बिघडला का पेशी भट्टीसारखी पेटते. मंग आतला ऑक्सिजनच तिले जाळते, अजून बिघडवते. शास्त्रज्ञाईले आता कुठं याचा अंदाज येऊन राह्यला. यात कपाचा काय गुन्हा?"

त्यानं वडलांच्या हातातला कप घेतला, त्यांचा उष्टा चहा एका घोटात संपवला आणि रिकामा कप फिरवून पाहिला. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"माहा बाप तुमच्या वावरात राबत होता, तवा याच कपात चहा पेत होता. सोताच धुऊन याच कोनाड्यात ठेवत होता. त्याले कोणता रोग होता, काका?"