हेल्मेट खाली, मी वर

हेल्मेट माझ्या हातातून सुटलं, रेलिंगच्या पाइपवर एकदा आपटलं आणि खाली गेलं. खाली म्हणजे पार प्रेस शॉपच्या जमिनीवर. मी ते जाताना पाहिलं. पाहायला नको होतं.

मी क्रेन दुरुस्त करणाऱ्या कंपनीत इलेक्ट्रिशियन आहे. कारखान्याच्या शेडमध्ये दोन्ही बाजूंना, छताच्या जरा खाली, रूळ असतात. त्यांवर एक लोखंडी पूल पुढेमागे पळतो आणि पुलाखाली हूक लोंबतो. ही ईओटी क्रेन. तिचा विजेचा पॅनेल पुलावरच असतो, म्हणजे तो बिघडला की वर चढणं आलं. आणि मला उंचीची भीती वाटते. आचाऱ्याला फोडणीचा ठसका लागावा, तसलाच प्रकार. इतकी वर्षं मी "सलीमभाई, तुम्ही वर जा, मी खालचा सप्लाय बघतो" यावर निभावलं होतं.

मग तळवड्यात आयटीत असलेल्या मेव्हण्यानं नवा व्हीआर हेडसेट घेतला आणि जुना मला दिला.

"दाजी, यात विमानाचा गेम आहे. रोज उडवा. भीती मरते. डॉक्टर लोकसुद्धा असंच करतात."

व्हीआर म्हणजे डोळ्यांवर बांधायचा डबा. आत पडदे. मान वर केली की आभाळ, वाकलं की खाली दरी. दिघीतल्या आमच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून, उजव्या हातात जॉयस्टिक धरून मी विमान उडवू लागलो. पहिल्याच वळणाला विमान आडवं झालं आणि जेवण गळ्याशी आलं. डाव्या हातानं डबा वर सरकवला. समोर ट्यूबलाइट, कूलर आणि मटार सोलत बसलेली बायको.

"आलात का खाली?" तिनं विचारलं.

रोज हेच. भीती वाटली की डबा वर, ट्यूबलाइट, मटार, दोन श्वास, डबा खाली. हळूहळू मी डोंगरांच्या मधून विमान काढू लागलो. वाटलं, जमलं. ऑफिसात सांगूनही टाकलं.

चाकणच्या त्या प्रेस शॉपमधून फोन आला तेव्हा म्हणूनच माघार घेता येईना. क्रेनला डाय लटकलेली होती. डाय म्हणजे पत्रा दाबायचा साचा, चार-पाच गाड्या एकत्र बांधाव्यात इतका जड. क्रेनचा ब्रेक तिला धरून होता, पण पॅनेलमधला कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच, जळला होता. डाय ना वर, ना खाली. लाइन बंद. खाली पिवळी टेप लावून जागा मोकळी केलेली.

"सलीमभाई, आज पॅनेल मी करतो," मी म्हणालो.

सलीमभाई आमचे मेकॅनिक, चिंचवडचे. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"विमान शिकलात म्हणून?"

"हो ना!"

"मग हेल्मेटचा पट्टा लावा, पायलट."

पट्टा गळ्याला काचत होता. तो मी तसाच लोंबता ठेवला.

शिडी छान चढलो, मागून सलीमभाई. अंगावरच्या हार्नेसचा, म्हणजे सुरक्षा पट्ट्याचा, हूक रेलिंगला अडकवला. पुलावर चालायला एका माणसापुरती जाळी असते आणि जाळीतून खालचं सगळं दिसतं. तरी पॅनेल उघडला, जळका कॉन्टॅक्टर सोडवला. मनात म्हटलं, वा रे पठ्ठे.

तेवढ्यात शेजारच्या बेमधली, म्हणजे शेडच्या बाजूच्या भागातली, क्रेन पळाली. दोन्ही भागांचे खांब एकच. आमचा पूल थरथरला.

डावा हात आपोआप डोळ्यांकडं गेला. मी डबा वर सरकवला. सेफ्टी गॉगल आणि हेल्मेट दोन्ही निघाले. उजवा हात रेलिंग सोडून हवेत जॉयस्टिक शोधत होता. मी ट्यूबलाइटची वाट बघत होतो.

समोर तेच छत. तेच पत्रे. पायाखाली तीच जाळी आणि रेलिंगपलीकडं खाली चाललेलं हेल्मेट.

मी मटकन खाली बसलो. एक पाय खालच्या पाइपखालून बाहेर निसटला, हार्नेसची दोरी ताठ झाली. खालून धप्प आवाज आला. मग काहीच नाही. आमचं काम कुठवर आलं ते विचारायला तिथले प्रॉडक्शन मॅनेजर देशमाने साहेब टेप ओलांडून आत आले होते, हे मी वरून पाहिलं होतं. आता जाळीतून ते दिसेनात. त्या शांततेत माझ्या हातून एक माणूस मेलेला होता.

"कोणंय रे तो गाढव वर?"

शिवी इतकी गोड कधी लागली नव्हती. हेल्मेट त्यांच्यापुढं एका पावलावर पडलं होतं.

"साहेब, आधी टेपच्या बाहेर जा!" सलीमभाई ओरडले. मग माझ्याकडं वळून हळू आवाजात, "डोळे मिटू नका. पाय आत घ्या. रेलिंग धरा, दोन्ही हातांनी."

"सलीमभाई, मला भीती वाटतेय."

"मला पण वाटते राव. म्हणून तर मी रेलिंग सोडत नाही. तुम्ही टाटा कुणाला करत होता?"

नवा कॉन्टॅक्टर त्यांनीच बसवला. मी बसून, रेलिंगला मिठी मारून, दातात स्क्रू धरून होतो. डाय सुखरूप उतरली. त्यानंतर मी उतरलो, शिडीच्या प्रत्येक पायरीवर विश्रांती घेत.

"हेल्मेट काढलं कशाला?" ऑफिसात आमच्या साहेबांनी विचारलं.

"साहेब, घरी आहे असं वाटलं."

दवाखान्यात पाठवावं की घरी, हे त्यांचं बहुतेक ठरत नव्हतं. शेवटी शिक्षा ठरली. दर सोमवारी शिफ्टच्या आधी सगळ्यांसमोर हेल्मेटचा पट्टा लावून दाखवायचा. अजून दाखवतो. सलीमभाई टाळ्या वाजवतात.

मी समजत होतो, उंचीची प्रॅक्टिस चाललीय. हातांनी प्रॅक्टिस केली होती डबा काढायची. ती मात्र पक्की झाली होती.

गेम सोडलेला नाही. फक्त एक नियम केलाय: विमान उतरेपर्यंत डबा काढायचा नाही. परवा डोंगरांत विमान हेलकावे खात होतं, तळहात घामानं निसरडे झाले होते. बाहेरून आवाज आला, "आलात का खाली?"

"थांब," मी जॉयस्टिक दोन्ही हातांनी आवळत म्हणालो, "अजून उतरायचंय."