ठकूसाठी शेपूची भाजी

हौशीराम हमालाचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. खोडदकडून जुन्नरच्या भाजीबाजारात येणाऱ्या बैलगाड्या उजाडायच्या आत रिकाम्या झाल्या पाहिजेत, असा त्याचा नेम होता. ओझ्यातून पाठीवर पाणी ओघळलं, की कुणी जुड्या भिजवून आणल्या ते त्याला कळायचं. तसली भाजी तो घरी नेत नसे.

एका साली लेक ठकू बाळंतपणाला आली. बायको वारलेली, म्हणून बाळंतिणीचं रांधणं त्याच्याच अंगावर पडलं. शेपूची कोरडी, कोवळी जुडी तो निवडून आणायचा, पण शिजल्यावर नुसता लगदा व्हायचा. ठकू दोन घासांत ताट बाजूला सारायची. अंगावर दूध पुरेना, तान्हं रडायचं.

अखेर त्यानं भाजीवाल्या जैबुन्निसाला विचारलं.

"पाणी किती घालता?" ती म्हणाली.

"तांब्याभर. न्हाईतर मडक्याला लागतं."

ती खळखळून हसली. "हौशीभाऊ, जुडीवर थेंब दिसला तर बाजार डोक्यावर घेता, अन् घरी तांब्या वतता व्हय? लोखंडी कढई घ्या. लसूण, भिजली मूगडाळ, अन् वाफेवर शिजू द्या."

अंग आंबलं होतं, तरी त्या दिवशी त्यानं आणखी दोन गाड्या उतरवल्या.

दुपारी ठकूनं भाकरीनं ताट पुसून घेतलं. "आबा, अजून हाय का?"

त्या दोन गाड्यांची हमाली जाड बुडाच्या कढईत गेली होती.