शनिवारी मोटारीचा फेरा

सत्तरीच्या दशकात किर्यात गातजवळच्या एका किबुत्झच्या, म्हणजे यहुद्यांच्या सामाईक शेतवसाहतीच्या, धोबीघरात मी कामाला होते. तिथे दूर उत्तरेकडच्या फेरो बेटांवरची एक पोरगी माझ्याबरोबर चादरींच्या घड्या घालायची. आमचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत. तिला शब्दांची मुळं खणायचा भारी नाद. मोटारीतून हिंडून येण्याला त्यांच्याकडे ‘बिल्टूरुर’ म्हणतात. ‘ऑटोमोबिल’ म्हणजे आपणहून हलणारं, त्याचं नुसतं शेपूट म्हणजे ‘बिल’. आणि ‘टूर’ आला फ्रेंचांकडून, डेन्मार्कमार्गे. त्याचा मूळ अर्थ वळसा, फेरा. हे घरी सांगितलं तर बाबा खूश! “फेरा होय? म्हणजे आपला घाणाच की!” इकडे यायच्या आधी कोकणात आमचे यहुदी लोक तेल गाळायचे. शनिवार म्हणजे शब्बाथ, काम बंद ठेवायचा दिवस, तेव्हा बैल सोडून ठेवायचे, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणे.

त्या वर्षी आई अश्केलोनच्या इस्पितळात होती. दुखणं बरं होण्यातलं नव्हतं. ते तिला कळू द्यायचं नाही, असं बाबांनी आणि मी ठरवलं. “अशक्तपणा आहे, दुसरं काय!” असं बाबा म्हणायचे, आणि तिला ते पटायचं.

एका शनिवारी सकाळी शेजारणीकडे फोन आला. आईला जास्त झालंय, लगेच या. शब्बाथ, बस कुठली मिळणार? मी फेरोच्या पोरीला फोन लावला. ती बिचारी किबुत्झची मोटार मागून दारात हजर. पण बाबा खाटेवरून हलेनात.

“शनिवारी आमचा घाणा कधी फिरला नाही, आणि मी मोटारीचा फेरा मारू?”

माझं डोकंच फिरलं. “हिला बैल कुठाय दमायला? ही आपणहून चालते! का आईपेक्षा घाणा मोठा तुम्हाला?”

बाबा उठले, टोपी घातली, मोटारीत बसले. वाटभर त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

जाऊन बघतो तर आई उशीला टेकून चहा पीत होती. माझ्या जिवात जीव आला. बाबांना बघून ती हसली, आणि हसता हसता थांबली.

“अहो, आज शनिवार ना? मोटारीतनं आलात?”

बाबा तिची चादर सारखी करू लागले.

“तुम्ही शनिवार मोडलात, म्हणजे मी काही आता राहत नाही,” ती म्हणाली आणि कप खाली ठेवला.

त्यानंतरही ती महिनाभर होती. तो सगळा महिना तिने आपण जाणार हे जाणून काढला. माझ्यामुळे.