गाठ न मारलेली पिशवी

तुम्ही आजवर पाठीवर काय वाहिलंय हो? दप्तर? प्रवासाची वळकटी? एकशे चौदा माणसांचे अंगठे पाठीवर घेऊन कधी नदीत उतरलात का? नाही ना? मग गुणाबाईला नावं ठेवायच्या आधी पुरतं ऐकून घ्या.

टोकावड्याच्या पलीकडे, काळू नदीच्या काठच्या एका पाड्यात ती राहायची. गोधड्या शिवायची. तिच्या गोधडीत हात फिरवला तरी गाठ लागायची नाही. दोरा संपला की त्याचं टोक ती थरांच्या आत सरकवून द्यायची. आईनं तसंच शिकवलेलं. गाठ निजलेल्या माणसाला टोचते. दिवसभर टोचतं तेवढं पुरे झालं.

नवरा धर्मा. जमीनदाराच्या कुरणात वेठीनं गवत कापता कापता त्याची छाती गेली होती. खोकला की थुंकीत लाल. तरी आश्विन सरला की मुकादम दारात उभा, "धर्मा, विळा घे." मजुरी? वेठीला कसली मजुरी! स्वतःचं भात शेतात झडतंय आणि हा दुसऱ्याच्या घोड्यांसाठी गवत कापतोय. "औंदा गेलो तर मी काय परत येत नाय," तो एकदा म्हणाला. एवढंच. 

शेहेचाळीस साली कळलं, वेठीच्या चौकशीला एक साहेब मुरबाडच्या कचेरीत बसणार. एकच दिवस. अर्ज लिहिला जयरामनं. तो शहापूरचा कार्यकर्ता. मुरबाड तालुक्यात दिसला की धरा, असा त्याच्यावर हुकूम. तो चोरून आला, लिहून गेला. अंगठे गोळा केले गुणाबाईनं. शाईची पुडी पाण्यात कालवून, दोन महिने, झोपडीझोपडीत शिरून. कुणी हात मागं घेतला की म्हणायची, "अंगठाच मागते रे, मुंडी नाय मागत." एकशे चौदा झाले.

आता कागद न्यायचे कसे? विकायला न्यायच्या लाकडाच्या मोळीत लपवले तर नाक्यावर जमीनदाराची माणसं मोळ्या सोडून बघत. कनवटीला मावत नव्हते. गुणाबाई म्हणाली, पाठीवर पिशवी शिवते; दोन बंद खांद्यात, वरून पदर, हात मोळीला मोकळे.

तेव्हा रेशनमुळे कापड मिळत नव्हतं. जुन्या लुगड्याचे चार पदर एकावर एक घातले, पाठीला लागणाऱ्या बाजूनं धर्माची विरलेली बंडी लावली. गोधडीसारखाच धावदोरा. नणंद रंगू शेजारी बसून बघत होती.

"वैनी, बंदाच्या मुळाशी गाठ मार गो. दोरा मागं वळवून दुहेरी टाका घाल."

"चाळीस गोधड्या शिवल्या मी. एक टाका उसवलेला दाखव, मंग शिकव."

"गोधडीला कोन लोंबकळतंय का?"

"पाठीत टोचल गाठ. तुला काय कळतंय? तुझी चोळी बी मीच शिवलेली!"

 गुणाबाईनं बंदाच्या दोऱ्याचं टोक हळूच आत सरकवलं आणि वरून बोट फिरवलं. गुळगुळीत!

बाई हुशार. एकाएकी पाठीवर पिशवी दिसली तर मुकादम हुंगणार, म्हणून आठ दिवस आधीपासून तीत भाकरी घालून हिंडली. मुकादमानं हटकलंच.

"काय गो गुणाबाई, म्हातारपनी पाठीवर पोर बांधलं का?"

"भाकरी हाय. खाऊ का नको? का तुमच्या मिशा चावू?"

आजूबाजूचे हसले. नवव्या दिवशी त्या पिशवीकडे कुणी मान वळवून बघेना. ती रोजची झाली होती. पण त्या आठ दिवसांत तो बिनगाठीचा दोरा रोज तांदळाएवढा सरकत होता, हे कुणाला दिसलं नाही.

चौकशीच्या दिवशी कागद पळसाच्या पानांत गुंडाळले, पिशवीत घातले, मोळी उचलली आणि उजाडताच ती नदीत उतरली. पाणी मांडीपर्यंत. मधल्या धारेत शेवाळलेल्या दगडावरून पाय गेला. पडली नाही, मोळी सावरली, अंगाला मात्र हिसका बसला. एक बंद सुटला. दोरा तुटला नव्हता, अख्खाच्या अख्खा ओघळून आला होता. तो बंद गेला, पिशवी दुसऱ्या खांद्यावरून घसरली आणि धारेला लागली.

मोळी फेकून ती धावली. पाण्यात धावता येतं का कधी? बऱ्याच खाली, एका झाडाच्या मुळांत पिशवी अडकलेली मिळाली. पळसाची पानं निसटून गेली होती. कागदांचा निळा लगदा झाला होता.

तरी ती कचेरीत गेली. ओल्या लुगड्यानं, चालत. कारकुनानं विचारलं, "अर्ज?" तिनं पिशवी टेबलावर ठेवली.

"हे काय? पायपुसणं?"

"एकशे चौदा अंगठे हायेत साहेब. मी नावं सांगते सगळ्यांची. तोंडपाठ हायेत."

"तोंडी चालत नाही. उचल, टेबल ओलं होतंय."

ती कठड्याशी उभी राहून नावं घेत राहिली. सत्तेचाळिसाव्या नावाला शिपायानं बाहेर काढलं. संध्याकाळी साहेबाची गाडी गेली.

पाड्यात कुणी पुन्हा अंगठा दिला नाही. मुकादमाला बातमी लागली होती. तिसऱ्या दिवशी तो दारात आला. धर्मानं विळा घेतला. पौषात त्याला चौघांनी उचलून आणला. त्याच्या अंगावर गुणाबाईचीच गोधडी घातली होती, मऊ, बिनगाठीची. दोन दिवस निजून होता, मग गेला.

त्यानंतर तिनं सुई एकदाच हातात घेतली. पिशवीचा बंद पुन्हा शिवला. दुहेरी टाका, वर नऊ गाठी. रंगू म्हणाली, "आता कशाला गो वैनी?"

"उशीर झाला म्हून चूक तशीच ठेवू?"

रिकामी पिशवी खुंटीला लागली. गोधडी तिनं पुन्हा शिवली नाही. लोक थंडीत मागायला येत. ती मान हलवायची.

साहेबानं वर काय कळवलं, ते जयरामनं पुढं कुठूनसं काढलं. लिहिलं होतं: सदर भागातून वेठीबाबत एकही तक्रार आली नाही.

एकही नाही! म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. उद्या तुमच्यासमोर कुणी शहाणा म्हणाला, की या लोकांनी कधी तोंडच उघडलं नाही, तर गप्प बसू नका. तिथल्या तिथं त्याला सांगा, उघडलं होतं. एकशे चौदा जणांनी. सांगाल ना?