उपाशी माणसांची खाद्यसहल

आमच्या घराण्यात सगळी लग्नं कांदेपोह्यांवर जमली. माझंही तसंच जमलं. मी आधी दोन बशा पोहे संपवले आणि मग मान वर करून मुलगी पाहिली, असं बायको अजून चारचौघांत सांगते. ते साफ खोटं आहे. तीन बशा होत्या.

लेकीची वेळ येईपर्यंत पुणं बदललं. बँकेत संगणक आला तेव्हा मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. एका दाराने तो आत आला, दुसऱ्या दाराने मी बाहेर पडलो. साधा नमस्कारही झाला नाही आमचा. त्याच संगणकाने पुढे माझ्या लेकीला हिंजवडीला नेऊन काचेच्या इमारतीत बसवलं. ती सकाळी कोथरूडच्या नाक्यावर कंपनीच्या बसमध्ये चढायची आणि संध्याकाळी अमेरिका जागी झाली की तिला कामाला लावून घरी यायची. अशा मुलीला स्थळं बघायची म्हणजे आम्ही नवरा-बायकोंनी हात जोडून उभं राहायचं. एक मुलगा आई, वडील, आत्या आणि ज्योतिषी घेऊन आला. त्या सगळ्यांत ज्योतिषीच जरा बरा वाटला असं लेक म्हणाली. एकाने तिला पुरणपोळी येते का असं विचारलं. तिने त्याला त्याच्या पासवर्डबद्दल विचारलं.

आणि मग हा मुलगा आला. विश्रांतवाडीचा, हिलाच लग्नाच्या वेबसाइटवर सापडलेला. त्याच्याशी बोलायला ती फोन घेऊन गॅलरीत जाऊ लागली. आमच्या गॅलरीत दोन कुंड्या आणि एक माणूस मावतो, तोही श्वास सोडून उभा राहिला तर. तिथे ही पोर तास तास उभी राहायची आणि हसायची. बायको स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघायची, मी पेपराआडून बायकोकडे बघायचो. आमचं या जगात आता एवढंच मागणं उरलं होतं की हे जमू दे.

एके दिवशी लेक म्हणाली, "त्याचे आईबाबा तुम्हाला भेटणार आहेत. पण घरी नको. शनिवारी एक फूड अँड वाइन टूर आहे. आठ-दहाच माणसं असतात. गाइड फिरवतो, खाऊ घालतो, शेवटी वाइन चाखायची. आपण सगळे जाऊ. त्यानेच सुचवलंय."

"वाइन?" बायको म्हणाली.

"चाखायची, आई. प्यायची नाही."

"आणि आपणच आपल्या गावात पैसे देऊन मिसळ खायला जायचं?" मी म्हणालो. "उद्या खडकवासल्याला पाणी दाखवायला गाइड नेमतील."

"बाबा, ते मॉडर्न लोक आहेत. त्याची आई गाडी चालवते. प्लीज, तिथे असं काही बोलू नका."

मी कबूल झालो. शुक्रवारी संध्याकाळी बायको भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहिली ती हललीच नाही. मला वाटलं भिंतीचा शॉक बसलाय. शनिवारी संकष्टी होती.

आता इथे सांगायला हवं की लेकीचं लग्न ठरेपर्यंत दर संकष्टीला घरात उपास करायचा असं बायको गणपतीला बोलली होती. बोलताना तिने माझंही नाव घातलं. मला विचारलं नव्हतं. मी तेव्हा दाढी करत होतो. लेकीने मात्र साफ सांगितलं होतं की माझ्या लग्नासाठी तुम्ही उपाशी राहा, मी जेवते. चंद्र उगवेपर्यंत आम्ही दोघं साबुदाण्यावर, आणि ती समोर बसून पावभाजी खायची.

"रद्द कर," बायको म्हणाली.

"काय सांगून?" लेक म्हणाली. "की आम्हाला संकष्टी आहे? आई, पहिल्या भेटीत?"

"मग उपास मोडू? आणि उपास मोडला म्हणून लग्न मोडलं तर?"

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी बँकेत असताना असे प्रसंग आले की साहेबांकडे पाठवून द्यायचो. इथे साहेब नव्हता. शेवटी ठरलं ते असं: जायचं, हसायचं, हातात बशी धरायची आणि खायचं नाही. आणि कुणाला कळू द्यायचं नाही. लेकीला वाटलं मी गंमत करतोय. ती झोपायला गेली.

शनिवारी दुपारी शहरात जमलो. गाइड म्हणजे शेंडी राखलेला एक पोरगा; शेंडी धर्माची नव्हती, फॅशनची होती. आम्ही तिघं, मुलगा आणि त्याचे आईवडील, आणि एक जर्मन. हा जर्मन चाकणला कुठल्याशा मोटारीच्या कारखान्यात आला होता. उंची साधारण सोसायटीच्या पाण्याच्या टाकीएवढी. मुलाचे वडील सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा शर्ट. त्याची आई खरंच गाडी चालवत आली होती. मला घाम फुटला. मुलगा मात्र मला आवडला. नमस्कार वाकून केला. लेक त्याच्याशेजारी उभी राहिली ती तिथेच राहिली.

पहिला मुक्काम मिसळ. आता मी सकाळपासून अर्धं केळं खाल्लेला माणूस. त्या रश्श्याचा वास नाकातून गेला तो सरळ गुडघ्यात उतरला. तर्री अशी लाल की समोरच्या भिंतीवर तिचा उजेड पडला होता. गाइड मटकी, फरसाण, मसाला यांचा इतिहास सांगत होता आणि माझ्या तोंडाला इतकं पाणी सुटलं होतं की पुण्याची एक वेळची कपात टळली असती. मी डावीकडे पाहिलं. तिथे जर्मन. त्याची बशी केव्हाच रिकामी.

"प्लीज," मी म्हणालो आणि माझी बशी त्याच्यापुढे सरकवली. "गेस्ट. अवर कल्चर."

त्याने छातीवर हात ठेवला आणि ती संपवली. मागोमाग बायकोचीही.

लेक आणि मुलगा पलीकडे बसले होते. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मिसळीचं. "कशी लागतेय?" तिने त्याला विचारलेलं मला ऐकू आलं. तो अगदी डोळे मिटून काहीतरी सांगत होता, आणि ती ऐकत होती. मी बायकोला कोपर मारलं. बायकोने मनातल्या मनात गणपतीला हात जोडले.

पुढे बटाटेवडा. पुढे कॅम्पात मस्कापाव. पुढे मस्तानी, आणि तिथे मी जवळजवळ सुटलो होतो. दूध उपासाला चालतं, आंबा चालतो, मी पेल्याकडे हात नेला तेवढ्यात बायको ओठ न हलवता म्हणाली, "अहो, आइस्क्रीममध्ये कॉर्नफ्लॉवर असतं." हात तिथल्या तिथे फिरवून मी नाक खाजवलं. पेला जर्मनाकडे गेला. तोपर्यंत त्याने पट्टा दोन भोकं सैल केला होता. मला त्याची काळजी वाटू लागली होती. पण मेला तर पाहुणा मरेल, लग्न तरी वाचेल, असा विचार माझ्या मनात आला हे मी नाकारत नाही.

मुलाचे वडील माझ्याशी फार अदबीने बोलत होते. "आपण खाल्लंत की नाही?" "हो तर. आपण?" "भरपूर." मॉडर्न लोक खाण्याबद्दल जास्त बोलत नसावेत, असं मी मनाशी म्हणालो.

शेवट कोरेगाव पार्कात, एका हॉटेलच्या गच्चीवर. मंद दिवे, पांढरे टेबलक्लॉथ, प्रत्येकापुढे चार ग्लास. वाइन नाशिककडची. ती ओतणाऱ्या बाईंनी सांगितलं की ग्लास असा फिरवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा, आणि गिळायचं नसेल तर या तांब्याच्या भांड्यात टाकून द्यायचं. मोठमोठे जाणकार तसंच करतात.

मी बायकोकडे पाहिलं. आमच्या वैवाहिक आयुष्यात इतकी सोयीची गोष्ट कुणी सांगितली नव्हती.

"तोंडात घेतलं की मोडतो का?" मी कुजबुजलो.

"द्राक्षं चालतात," ती कुजबुजली. "आंबवलेलं चालत नाही. मी फक्त वास घेते. तुम्ही घ्या आणि टाका, पण चूळ भरा."

मी घेतली आणि टाकली. इतक्या जोरात टाकली की भांडं वाजलं. समोरून तसाच आवाज आला. मुलाच्या वडिलांनीही टाकली होती. मग त्यांच्या पत्नीनेही पदर धरून टाकली. लाल, पांढरी, गुलाबी, सगळ्या आम्ही नेमाने थुंकल्या आणि वर पाण्याने चुळा भरल्या. त्या बाई भारावून म्हणाल्या की आजवर इतका शिस्तीचा ग्रुप त्यांना मिळाला नव्हता. लेक मात्र शांतपणे एकेक घोट गिळत होती आणि बरं वाटत असल्यासारखी दिसत होती. चंद्र उगवायला थोडाच अवकाश होता. आता फक्त ग्लास उचलले की जिंकलो.

तेवढ्यात गाइड म्हणाला, "ओके गाईज, प्रत्येकाने एक सांगायचं. आज सगळ्यात जास्त काय आवडलं?"

जर्मन उभा राहिला. उभा राहायला त्याला टेबलाचा आधार घ्यावा लागला. सावकाश इंग्रजीत तो बोलू लागला. म्हणाला, मला माणसं आवडली. मी खूप देश फिरलो, पण पाहुण्याला आपल्या तोंडचा घास देणारी माणसं पाहिली नव्हती. या गृहस्थांनी आणि यांच्या पत्नींनी दिवसभर एक कणही न खाता सगळं मला दिलं. त्या गृहस्थांनी आणि त्यांच्या पत्नींनीही. आणि विशेष आभार या तरुणाचे. शेजारच्या मुलीला मिसळीची चव सांगता सांगता त्याने अख्खी बशी टेबलाखालून माझ्या हातात दिली. त्याने चमचासुद्धा लावला नव्हता.

तो बसला. खुर्ची करकरली.

मग मुलाचे वडील घसा खाकरून म्हणाले, "आज संकष्टी आहे."

"तुम्हालाही?" माझी बायको म्हणाली.

"मुलाचं लग्न ठरेपर्यंत मी बोललेय," त्याची आई म्हणाली. "तिघांचा. तुम्ही लोक मॉडर्न आहात, वाइनबिइन घेता, म्हणून म्हटलं कशाला सांगा."

पुढे जे झालं ते मी कुंभमेळ्यातही पाहिलं नाही. दोघी बायका एकमेकींचे हात धरून हसत होत्या. चंद्र दिसला, तशा दोघी कठड्यापाशी गेल्या. माझ्या बायकोने पर्समधून मोदकांचा डबा काढला. त्याच्या आईनेही पर्समधून मोदकांचाच डबा काढला. नैवेद्य दाखवला. मुलाच्या वडिलांनी माझ्या हातावर मोदक ठेवला आणि म्हणाले, "घर म्हणजे असं पाहिजे." मी त्यांना मिठी मारायच्या बेतात होतो. तोंडात मोदक, डोक्यावर चंद्र, समोर व्याही. मी मनात हॉलचं बुकिंगसुद्धा करून टाकलं.

मग मी वळून टेबलाकडे पाहिलं. दोघंच बसले होते. मुलगा हात हलवून बोलत होता. लेक ऐकत होती, पण दुपारी ऐकत होती तशी नाही. ग्लास तिने बाजूला सारला होता. मला त्यांचं काही ऐकू येत नव्हतं आणि तिथे जाऊन काय म्हणावं हेही कळत नव्हतं. मी दुसरा मोदक खाल्ला. दुसरं काय करणार?

परतताना रिक्षात बायको साखरपुड्याचे बेत करत होती. नदीचा पूल गेला तशी लेक म्हणाली, "आई, मी नाही म्हणणार आहे."

मी म्हणालो, "अगं, उपास केला एवढ्यावरून? चांगलंच आहे ते. आईचं ऐकतो."

"उपास करू दे की. मी काही म्हणाले असते का? त्याने मला सांगायला हवं होतं, एवढंच. मी त्याला विचारलं, कशी लागतेय. म्हणाला, आधी तिखट लागते, मग मागे भाजलेल्या खोबऱ्याची चव राहते. बाबा, त्याने चमचा लावला नव्हता. त्याने डोळे मिटले होते."

"तसं बघितलं तर मीही..."

"तुम्हाला मी निवडलं नाही, बाबा. तुम्ही मिळालात." ती हसली, पण बाहेर बघत. "त्याला मी निवडणार होते. उद्या हा मला काहीही असंच खोबऱ्यासकट सांगेल, आणि मला ते खरं वाटेल."

मी आयुष्यात हजारो गोष्टी फुगवून सांगितल्या आहेत, पण त्या रिक्षात मी नुसता मीटरचे आकडे वाचत बसलो. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि उगाच हॉर्न वाजवला.

रविवारी दिवसभर दोघींमध्ये बोलणी झाली. त्यात मी नव्हतो. मला बाजारात पाठवलं होतं. परत आलो तेव्हा लेक गॅलरीतून आत येत होती. फोन हातात होता आणि डोळे लाल होते. "मी त्याला सांगितलं," ती म्हणाली आणि आत गेली.

सोमवारी सकाळी मुलाच्या वडिलांचा फोन आला. मी तो येणार हे जाणून होतो आणि तरी पहिल्याच रिंगला उचलला.

"मुलगा जेवत नाहीये," ते म्हणाले. "आणि आज संकष्टीही नाही."

"हो."

"पत्रिका जुळली. घरं जुळली. अहो, उपास जुळले. मग नडलं कुठे?"

"मिसळीपाशी," मी म्हणालो.

मला वाटलं चिडतील. चिडायला हवं होतं, मग मलाही चिडता आलं असतं. मागे त्यांची पत्नी काहीतरी विचारत होती. मी फोन धरून उभा होतो. तेही धरून उभे असावेत, कारण त्यांचा श्वास ऐकू येत होता. आम्हा दोघांचं चांगलं जमलं होतं. फोन कुणी ठेवायचा, एवढंच आम्हाला ठरवता येत नव्हतं.