सुभेदारांचा पहारा

सुभेदारांना घराबाहेर पडताना पाहून नवख्या माणसाला वाटावं, या घरात खजिना पुरलेला आहे. कोपऱ्यावर दूध आणायला जायचं असलं तरी ते कुंपणापाशी येत, टाचा जुळवत आणि हाक मारत, "बाई, चार्ज घ्या!" मग मी, म्हणजे शेजारची निवृत्त शाळामास्तरीण, हाताचं पीठ झटकून त्यांच्या ओसरीवर जाऊन उभी राहायची. "एक पेशंट. औषध दिलंय, पाणी पाजलंय, खिडकी उघडी हाय. सब ठीक," असं ते एका दमात सांगत. मी "चार्ज घेतला, सब ठीक" म्हणेपर्यंत त्यांचं पाऊल उचलत नसे. नुसती मान हलवलेली त्यांना चालायची नाही.

खजिना म्हणजे आमच्या काकू, सुभेदारांची बायको. अर्धांगाच्या झटक्यात त्यांची उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेल्या होत्या. बदलीचा माणूस आल्याशिवाय पहारेकऱ्यानं जागा सोडायची नसते, एवढं एकच शिक्षण सुभेदारांनी फौजेतून घरी आणलं. आमच्या उंब्रजमध्ये निवृत्त फौजींना तोटा नाही. बाकीचे पारावर बसून जुन्या लढाया पुन्हा जिंकत, तेव्हा हे काकूंची वेणी घालत असत. वेणी अशी कडक की काकूंच्या भुवया दिवसभर वर चढलेल्या असायच्या. मी एकदा म्हटलं, "अहो, जरा सैल घाला." तर म्हणाले, "सैल घातली तर तिला वाटंल, मी रिटायर झालो." काकू अर्ध्या तोंडानं हसल्या. त्या दोघांचा मला हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगू.

पण मनात त्यांच्या एक किडा होता. "माझं काय न्हाई, बाई. पर मी पडलो तर हिचा चार्ज कुनी घ्यायचा?" लेक सांगलीला, ती खाटेला खिळलेल्या स्वतःच्या सासूला सांभाळण्यात अडकलेली. तेव्हा सरकारनं रोज दोन तास एक शिकलेला माणूस द्यावा, त्याला काकूंची सवय व्हावी, म्हणजे पुढे वेळ आली तर तो परका वाटणार नाही, एवढीच सुभेदारांची मागणी. त्यासाठी मला चार्ज देऊन ते अर्ज घेऊन एसटीनं साताऱ्याच्या सरकारी कचेरीत गेले.

संध्याकाळी आले ते थेट ओसरीवर बसले. "साहेब लय गोड मानूस, बाई. खुर्ची दिली, च्या दिला. मला म्हनलं, आजोबा, तुमची काळजी कोन घेतं? म्हनलं, मीच. मग आजींची? म्हनलं, ती बी मीच. तर साहेब म्हनलं, मग अडचन काय हाय?"

अडचण अशी निघाली की साठीपुढचा माणूस सरकारच्या लेखी सांभाळायचा असतो, तो कुणाला सांभाळत नसतो. सुभेदार सत्त्याहत्तरचे. त्यांच्याकडे माणूस पाठवायची सोय नव्हती. काठी द्यायची मात्र होती, आणि ती लगेच दिली. वर ज्येष्ठांच्या शिबिराचं आमंत्रण दिलं. शिबिरात शाल, नारळ आणि आणखी एक काठी मिळाली. ताठ चालणाऱ्या माणसाला इतक्या तत्परतेनं काठ्या पुरवणारं सरकार दुसरीकडे कुठे असेलसं वाटत नाही. सुभेदारांनी त्या परसात रोवल्या आणि त्यांच्यावर घेवडा चढवला. घेवडा मात्र उत्तम आला, आणि मलाही मिळाला.

मग ज्येष्ठांना काम देण्याचा मेळावा झाला. तिथल्या तरतरीत बाईंनी सुभेदारांची छाती पाहिली आणि कारखान्याच्या फाटकावर रात्रपाळीचा वॉचमन म्हणून त्यांची निवड करून टाकली. "म्हनलं, ताई, मी पहाऱ्यावरच हाय. मला बदली पायजे." ताईंनी त्यांचा उत्साह वाखाणला आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

यंदा ऊसतोडीच्या दिवसांत, सकाळी काकूंची वेणी अर्धी असतानाच सुभेदारांच्या छातीत कळ आली. कऱ्हाडला न्यायला गाडी आली, पोरांनी उचललं, आणि दारात येताच सुभेदारांनी चौकट धरली. घामानं चिंब झालेले, ओठ पांढरे. "बाई, चार्ज."

"अहो, कसला चार्ज? दोन दिवसांत परत याल!"

ते चौकट सोडेनात. "एक पेशंट. औषध... दिलंय. येनी ऱ्हायलीय."

"घेतला हो," मी ओरडलेच. "चार्ज घेतला. सब ठीक!"

तेव्हा कुठे त्यांची बोटं सुटली. ते कऱ्हाडहून परत आले नाहीत. राहिलेली वेणी मी घातली, आणि ती सैलच झाली. काकू भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. त्या दिवशी मी रडले ती वेणी पाहून.

लेक अधूनमधून सांगलीहून धावत येते. ती आली की मी तिला चार्ज देते, जाताना ती मला देते. हे शब्द ऐकले की काकूंचा डावा हात हलतो, म्हणून आम्ही ते खणखणीत म्हणतो.

गेल्या आठवड्यात एक साहेब काकूंच्या दारात आले. सुभेदारांचा अर्ज म्हणे मंजूर झाला होता. मी धावतच बाहेर गेले. माणूस पाठवला असेल असं मला खरंच वाटलं होतं. साहेबांच्या हातात काठी होती. सुभेदार गेल्याचं सांगितल्यावर त्यांनी मनापासून हळहळ व्यक्त केली. मग आत डोकावून विचारलं, "आजींची काळजी कोण घेतं?"

"मी."

"आणि तुमची?"

"मीच."

साहेबांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि ती काठी माझ्या हातात दिली.

"साहेब, काठी राहू द्या," मी म्हणाले. "मला जरा औषधाच्या दुकानात जाऊन यायचंय. एक पेशंट आहे, पाणी पाजलंय, खिडकी उघडी आहे. तेवढं 'चार्ज घेतला' म्हणा."

साहेब हसले. बाहेर त्यांची जीप हॉर्न देत होती. मी दाराची चौकट धरून उभीच राहिले.